दुरुस्त केलेलं वाक्य

रायपुरातल्या आमच्या सत्संग मंडळाची बैठक दर गुरुवारी असायची, आळीपाळीने कुणाच्या तरी घरी. त्या गुरुवारी ती आमच्याकडे होती. आरती झाली, प्रसादाचे द्रोण फिरत होते, तेव्हा अध्यक्षांनी नेपाळच्या शाळेचा विषय काढला. ही शाळा मंडळाच्या जुन्या महाराजांनी फार वर्षांपूर्वी तिकडच्या डोंगरातल्या एका गावात सुरू केलेली. आता आजूबाजूला खासगी इंग्रजी शाळा निघाल्या होत्या. तिकडे त्यांना ‘बोर्डिंग’ म्हणतात, मुलं तिथं राहत नसली तरी. आमच्या शाळेतली मुलं एकेक करून तिकडे जायला लागली होती. मंडळाने ठरवलं, आपली शाळाही इंग्रजी करायची, आणि त्यासाठी आधी शिक्षक तयार करायचे.

"ताई, तुमी इतकी वर्षं इंग्रजीच शिकवून राहिल्या," अध्यक्ष म्हणाले. "बारा दिवस द्या. सेवा समजा."

मला ‘सेवा’ हा शब्द आवडला. त्याहून जास्त आवडलं ते खोलीभर बसलेल्या माणसांचं माझ्याकडे वळून बघणं. मी लगेच हो म्हणाले.

सगळे गेल्यावर नवरा सतरंजी गुंडाळत म्हणाला, "आपली पोट्टी घरात मराठीत विचारलं तं हिंदीत उत्तर देते, अन् तू नेपाळले इंग्रजी शिकवाले चालली!"

मी हसले. तोही हसला.

मे महिन्यात आम्ही चौघं निघालो. बाकीचे तिघं भजन, ध्यान आणि शाळेच्या रंगरंगोटीसाठी. शिकवायला मी एकटी. रेल्वेने गोरखपूर, तिथून सीमा ओलांडून जीपने वर. शाळा म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन लांब इमारती, मध्ये अंगण, आणि खाली खोल दरीत एक नदी, जिचा आवाज कायम यायचा. पहिल्या दोन दिवसांत त्याने माझं डोकं दुखलं. नंतर तो ऐकू येईनासा झाला.

शिक्षक एकोणीस होते. सकाळी प्रार्थना, मग सहा तास माझा वर्ग. पहिला आठवडा मुलांना सुट्टी दिली होती. मी पहिल्याच दिवशी नियम केला: खोलीत फक्त इंग्रजी. नेपाळी किंवा हिंदी शब्द तोंडातून निघाला की आपल्यासमोरच्या ताटलीत एक खडा टाकायचा. रायपूरला सातवीच्या वर्गात हा खेळ मी कैक वेळा घेतला होता, पोरांना मजा यायची. इथंही तरुण शिक्षक हसत हसत खडे टाकत. एका बाईंची ताटली मात्र दुपारपर्यंत भरून जायची.

त्या पहिलीच्या वर्गाच्या बाई. पंचेचाळिशीच्या असतील. सोळा वर्षं पहिलीलाच शिकवत होत्या. नवरा नव्हता, एक मुलगी होती, घरी शिवणकाम करायची. रोज पहाटे त्या माझ्या खोलीच्या दाराशी गरम पाण्याची बादली ठेवून जायच्या. मी त्यांना तसं कधी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी मुलं परत आली आणि मी बाईंचा वर्ग बघायला बसले. त्यांनी नेपाळीत एक गोष्ट सुरू केली, भोपळा गडगडत उतारावरून जातो आणि वाटेत त्याला प्राणी भेटतात. मला अर्धंच कळत होतं. पण बाई स्वतः भोपळा झाल्या होत्या. वाघाचं नाव आलं तेव्हा पुढच्या बाकावरची दोन मुलं एकमेकांना चिकटली. इतका चांगला पहिलीचा वर्ग मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. मला ते तेव्हाच कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहितेय.

आणि मी म्हणाले, "व्हेरी गुड. नाऊ इन इंग्लिश."

बाई थांबल्या. तोंड उघडं राहिलं, हात भोपळ्यासारखे गोल. मुलं वाट बघत होती. भोपळा, वाघ, उतार यातलं काहीच त्यांना इंग्रजीत सापडेना. मी घड्याळाकडे बघत होते, कारण प्रशिक्षणात असं शिकवतात की शिक्षकाला वेळ द्यावा, मध्ये बोलू नये. मी बोलले नाही. बऱ्याच वेळाने एक मुलगी उठली आणि बाईंचा हात धरून उभी राहिली.

निघायच्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा रायपूरहून फोन आला. "ताई, कोण कसं आहे त्याची एक यादी करून तिथल्या मुख्याध्यापकांजवळ देऊन द्या. ए, बी, सी असं." जीप उभी होती. मी वहीचं पान फाडून उभ्या उभ्याच एकोणीस नावं लिहिली. पाच ए, अकरा बी, तीन सी. पहिलीच्या बाईंपुढे सी लिहिला. यादी पुढच्या प्रशिक्षणासाठी असेल असं मला वाटलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. वाटलं असेलही. पण यादी कशाला हवी, हे मी विचारलं नाही.

निरोप घेताना मी सगळ्यांना माझा नंबर दिला आणि म्हणाले, "रोज एक वाक्य मला बोलून पाठवा. मी सुधारून देईन." तरुण शिक्षकांनी आठवडाभर पाठवली. नंतर एकच आवाज उरला.

पहिलीच्या बाई मुलीच्या फोनवरून बोलायच्या. निरोप बहुतेक साडेदहाच्या सुमारास यायचा, आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत. मी स्टाफरूममध्ये डबा उघडून एका हाताने फोन कानाला लावायची. "गुड मॉर्निंग मॅडम. टुडे इज व्हेरी रेन." मी उत्तर द्यायची, "टुडे इट इज रेनिंग." मग त्या तेच वाक्य नीट म्हणून परत पाठवायच्या. सोबतच्या बाई म्हणायच्या, "दीदी, आपका नेपाल आ गया क्या?" मला अभिमान वाटायचा.

जूनच्या अखेरीला एक वाक्य आलं: "मॅडम, आय वॉज टीचिंग क्लास वन."

मी पोहे खात होते. मी उत्तर दिलं, शब्द तोडून, हळू: "नॉट वॉज. वॉज मतलब पहले, जो ख़त्म हो गया. आप तो रोज़ पढ़ाती हैं ना? तो बोलिए, आय टीच क्लास वन."

उत्तराला नेहमीपेक्षा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी आलं. "आय टीच क्लास वन." उच्चार स्वच्छ होता. मी अंगठा पाठवला.

त्यानंतर वर्गाचीच वाक्यं यायला लागली. "ऑल चिल्ड्रन आर प्रेझेंट." "वन गर्ल इज क्राइंग." "आय टेल अ स्टोरी ऑफ पंपकिन." मी अध्यक्षांनाही एक-दोन ऐकवली. ते "वा, वा" म्हणाले. ती वाक्यं कुणाची आहेत हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत शंकर नगरच्या एका सभागृहात मंडळाचा वार्षिक कार्यक्रम झाला. पडद्यावर शाळेचे फोटो दाखवले. नवा फलक, मुलांच्या गळ्यात टाय, शिक्षकांना एकसारखे कोट. पहिलीच्या वर्गाचा फोटो आला. फळ्यापाशी एक विशीतली मुलगी उभी होती.

मी शेजारच्या काकांना विचारलं. ते मंडळाचं पत्रव्यवहाराचं काम बघायचे. "पहिलीच्या बाई कुठं आहेत?"

"त्या तं गेल्या ना, ताई. सीवाले तिघंही. तुमी तिकडून आल्या त्याच महिन्यात काढले."

पुढचे फोटो मला दिसले नाहीत. घरी आल्यावर मी फोन घेऊन बाल्कनीत बसले आणि त्या साऱ्या महिन्यांचे निरोप पहिल्यापासून ऐकले. दुपार होती, खाली भाजीवाला ओरडत होता, म्हणून मी फोन कानाशी घट्ट दाबला. "ऑल चिल्ड्रन आर प्रेझेंट." मागे एकही मूल नव्हतं. शिवणयंत्राचा आवाज होता. मग नदी. मी तारखा बघत गेले. कितीतरी निरोप शनिवारचे होते. नेपाळात शनिवारी शाळेला सुट्टी असते, हे मला माहीत होतं, मी तिथं बारा दिवस राहून आले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सदर बाजारात अध्यक्षांच्या कापडाच्या दुकानात गेले. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात आहे, दुकान तिसऱ्या पिढीचं. त्यांनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला. बाईंना का काढलं, हे बाहेरच्या गाड्यांच्या हॉर्नमुळे मला मोठ्यानं विचारावं लागलं, आणि कापड बघणाऱ्या दोन बाया वळल्या.

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "तुमीच तं लिहून देलं होतं. मी तं त्या बाईले पाह्यलं बी नाही."

"मी काढून टाका असं लिहिलं नव्हतं."

"मंग सी काहून लिहिला?"

ते वाईट माणूस नाहीत. माझ्याकडे उत्तर असेल असं समजून त्यांनी विचारलं होतं. चहा आला, मी तो प्यायले.

त्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, मी बाईंना फोन लावला. नेहमी निरोपच असायचे. फोन कधी केला नव्हता. मुलीने उचलला आणि "आमा!" अशी हाक मारली. पावलं ऐकू आली. आम्ही हिंदीत बोललो. मी म्हणाले, मला काल कळलं.

"हाँ मैडम," त्या म्हणाल्या. "वो काग़ज़ हेडसर ने दिखाया था. आपका अक्षर बहुत सुंदर है."

मी विचारलं, मग तुम्ही मला सांगितलं का नाही.

"बताया तो था. ‘आय वॉज टीचिंग’ बोला था. आपने सुधार दिया. मैंने सोचा, अंग्रेज़ी में ऐसा ही बोलते होंगे. जो काम छूट गया, उसको भी ‘टीच’ ही बोलते होंगे."

फोनमध्ये नदी वाजत होती. शेवटी त्याच म्हणाल्या, अगदी कामाचं विचारावं तशा, "मैडम, मेरा सी है ना? बी में आने के लिए और क्या करना पड़ेगा?"

मी मंडळाला पत्र लिहिलं, मराठीत आणि हिंदीत. यादी माझी चूक आहे, त्या बाई माझ्यापेक्षा चांगल्या शिक्षिका आहेत, त्यांना परत घ्या. दोन बैठकांत चर्चा झाली. जागा भरली होती. तरी माझा मान राखून त्यांनी मार्ग काढला: शाळेत मुलांना दुपारचं जेवण सुरू होणार होतं, तिथं स्वयंपाकाला बाई हवी होती. मी म्हणाले, हे नको. पण हे मी रायपुरात म्हणाले. तिकडे त्यांनी परस्पर विचारलं आणि बाई कामाला लागल्या.

एप्रिलमध्ये निरोप आला. "गुड मॉर्निंग मॅडम. आय कुक फॉर क्लास वन." या वेळी मागे मुलं होती, खूप, ताटांचा खणखणाट होता. वाक्यात काहीही चूक नव्हती.

मी उत्तर दिलं नाही. काय देणार होते? नंतर आणखी पाच-सहा निरोप आले, त्यांनाही नाही. पावसाळ्यात ते थांबले. दिवाळीनंतर मी धीर करून फोन लावला तर नंबर बंद होता. शाळेत चौकशी केली. मुलीचं लग्न झालं, फोन तिच्यासोबत गेला, आणि बाईंनी स्वयंपाकाचं कामही सोडलं, एवढंच कळलं. कुणी म्हणालं मुलीकडे गेल्या, कुणी म्हणालं गावातच आहेत.

मी मंडळात जाणं बंद केलं. भांडून नाही. गुरुवार आला की काहीतरी काम निघतं. शाळेत शिकवते. पण निबंधाच्या वह्या तपासताना हात थांबतो. परवा सातवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘माय फादर वॉज अ ड्रायव्हर.’ मी लाल पेन ठेवून तिला बाहेर बोलावलं आणि हळूच विचारलं, बाबा कसे आहेत. ती गोंधळली. "पापा? ड्यूटी पर हैं, मैम. ग़लती हो गई क्या?" मी म्हणाले, हो, छोटीशी. ती वर्गात गेली.

गेल्या दोन उन्हाळ्यांत मी दोनदा गोरखपूरचं तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. दुसऱ्यांदा नवरा म्हणाला, "मी येतो सोबत. भेव कशाचं वाटून राहिलं तुले? रागावतील त्या?"

"नाही," मी म्हणाले. "त्या माझ्याशी इंग्रजीत बोलतील."

"हव," तो म्हणाला, आणि उठून बॅग परत माळ्यावर ठेवून आला.