तारकोटच्या राजगुरूंची शपथ

माझे सासरे भवदत्त लम्साल तारकोटच्या राजाचे गुरू होते. बाहेर सगळे त्यांना गुरुज्यू म्हणत, घरात आम्ही बुबा. राजगुरू म्हटलं की लोकांना मोठा दरारा वाटतो. बुबांना तर भुंकणाऱ्या कुत्र्याचीही भीती वाटे, आणि नाचणीचा ढिंडो करपला असला तरी सुनेला सांगायचा संकोच. पण दोन राजांमध्ये बोलणी करायची झाली की त्यांनाच पुढे धाडत. ब्राह्मणावर हात टाकायला शत्रूही धजत नाही, आणि बुबांचा शब्द तोवर कधी खोटा पडला नव्हता.

नदीपलीकडे सिमलकोटचं राज्य. तिथले राजगुरू चूडामणी रिमाल म्हणजे माझे वडील. माझं लग्नसुद्धा या दोन दरबारांच्या एका तहातच ठरलं. व्याही-व्याही भेटले की आधी एकमेकांची टर उडवत, मग सरहद्दीवरच्या कुरणांचं बोलत.

"तुमची फौज पाहिली, व्याहीबुवा," वडील म्हणत. "तुमच्या घरच्या गुंद्रुक-भाजीच्या रश्श्यासारखीच. पाणीच फार."

"म्हणून तर मुलगी देऊन आम्हाला जेरीस आणलंत!" बुबा म्हणत, आणि दोघेही माझ्याकडे बघून हसत.

त्या वर्षी आमचे राजे अंथरुणाला खिळले आणि सगळा कारभार काजी, म्हणजे दरबारचे मुख्य कारभारी, रणसूर बस्न्यात यांच्या हाती गेला. तेवढ्यात सिमलकोटच्या राजाचा निरोप आला : नदीच्या वाळूत भेटू, आपण दोघे मित होऊ. देवासमोर एकमेकांना टिळा लावून जोडलेलं हे नातं. मितावर हत्यार उचलणं म्हणजे सख्ख्या भावाला मारणं.

काजी स्वतः आमच्या ओसरीवर आले. मी आत कोदो पाखडत होते. माझे यजमान गौरीशेखर सकाळीच गडावर गेले होते. राजांच्या प्रकृतीसाठी चंडीपाठ बसवायचा म्हणून काजींनीच बोलावून घेतलं होतं.

"गुरुज्यू, पलीकडे जाऊन शपथ घ्या," काजी म्हणाले. "भेटीला येणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही म्हणून."

"घेईन की."

काजींनी कमरेच्या पटक्यातून एक काळा, गुळगुळीत दगड काढला. "ती यावर घ्यायची."

बुबांनी तो तळहातावर फिरवून पाहिला. "काजीसाहेब, हा शाळिग्राम नाही."

"नाहीच. नदीतला गोटा आहे, तेल-काजळ चोळलेला. उद्या शब्द मोडलाच तर तुम्हाला पाप नको. बघा, तुमच्या परलोकाचीही सोय केलीय मी."

"शब्द मोडायचाय?"

"मी कुठं तसं म्हटलं?" काजी उठले. "गौरीशेखरचा गळा काय गोड आहे हो! भेट होईपर्यंत राहू दे त्याला गडावरच."

ते गेल्यावर मी बाहेर आले. "बुबा, त्या वाळूत माझे वडीलही असतील."

"ठाऊक आहे, नानी," लेकीला हाक मारावी तसे ते हळूच म्हणाले. "पण आता एक शब्दही बोलू नकोस."

त्याच दिवसापासून आमच्या पाणवठ्यावर एक शिपाई येऊन बसला. हातातली खुकुरी दगडावर घासत तो येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विचारी, कुठं निघालात? तो खोटा शाळिग्राम गळ्यात बांधून बुबा नदी उतरून गेले, तेव्हा त्यालाही त्यांनी नमस्कार केला.

पुढचं मला वडिलांनी नंतर सांगितलं. भर दरबारात बुबांनी शपथ घेतली. आवाज जरासुद्धा कापला नाही. रीतीप्रमाणे पाहुण्यांचा देव पूजेला म्हणून वडिलांनी तो आत नेला आणि दुधाने न्हाऊ घातला. दूध काळं झालं. मग दगड पुसून त्यांनी बाहेर आणून दिला. "घ्या, व्याहीबुवा, तुमचा देव." राजाला मात्र एकांतात म्हणाले, "महाराज, भेटीला जाऊ नका."

भेटीच्या दिवशी वाळूत वडील एकटेच उतरले, हातात टिळ्याचं ताट घेऊन. राजाला ताप आलाय म्हणाले. आमच्या काठावरच्या गवतात माणसं दबा धरून होती. एकही हललं नाही. वडील परत नदी पार करून जाईपर्यंत काजी नुसते बघत राहिले, आणि मग त्यांनी मान वळवून बुबांकडे पाहिलं.

बुबांचं मुंडन केलं, जानवं तोडलं, जातीबाहेर घातलं. गौरीशेखरना सोडून दिलं. बुबा मक्याच्या राखणीच्या खोपटात राहायला गेले. मी उंबऱ्याबाहेर ताट ठेवून मागे सरकायची, मग ते उचलायचे. फितुरी केलीत का, असं गौरीशेखरांनी बाहेरून विचारलं, तर आतून रिकामं ताट बाहेर सरकलं.

दसऱ्यानंतर सिमलकोटची फौज आली. खोट्या शपथेचा सूड, असं ते म्हणत होते. गड जळला, काजी पडले, आमचे राजे पालखीतच वारले. सिमलकोटचा राजाच तारकोटच्या गादीवर बसला आणि त्याने बुबांना बोलावणं धाडलं. वडील हातात नवं जानवं घेऊन शेजारी उभे होते, डोळे भरून आलेले. मी बायकांच्या बाजूला होते.

"गुरुज्यू, तुम्ही आम्हाला सावध केलंत," राजा म्हणाला. "प्रायश्चित्त घ्या, पुन्हा इथले गुरू व्हा."

"महाराज, मी सावध केलं नाही."

वडील पटकन म्हणाले, "गप्प बसा हो! कुणी विचारलंय तुम्हाला?"

"मी फसवायलाच आलो होतो," बुबा म्हणाले. "मुलगा गडावर अडकला होता. रंग उतरेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. उतरला नसता तर तुम्ही त्या वाळूत पडला असता. माझे व्याहीही. ते जानवं मला नको."

राजाने ज्याला आपला वाचवणारा म्हटलं, तोच म्हातारा भर दरबारात राजाला खोटं पाडत होता.

"मग काय हवं?"

"काशीला जाऊ द्या."

"जा," राजा अगदी मऊ आवाजात म्हणाला. "सोबतीला शिपाई देतो. वाट वाईट आहे."

निघताना बुबांनी मला जवळ बोलावलं, पण डोक्यावर हात ठेवला नाही. मी बाटेन म्हणून. "घर सांभाळ," एवढंच म्हणाले. गौरीशेखर देवडीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

शिपाई फार लवकर परतले. काशी इतकी जवळ नाही. म्हातारा तराईच्या जंगलापाशी आमची सोबत नको म्हणाला, असं त्यांनी सांगितलं. ब्राह्मणाला कुणी मारत नाही. पण बुबांच्या गळ्यात जानवं नव्हतं. वडिलांनी काहीच विचारलं नाही. आता दोन्ही दरबारांचे गुरू तेच आहेत. आमच्याकडे आले की जेवतात, हसत मात्र नाहीत.

बुबांची तिथी आम्हाला ठाऊक नाही. म्हणून सर्वपित्री अमावास्येला गौरीशेखर त्यांचं श्राद्ध करतात.