अ वर्गाचा बांध

सरकारी जीपमध्ये किस्से आपोआप साठतात. रस्ता खराब, गाडी जुनी, त्यामुळं एखादी गोष्ट अर्धी सांगून होईतो पंक्चर होतं, आणि उरलेली सांगायला वेळच वेळ मिळतो. परंड्याच्या आमच्या पाटबंधारे ऑफिसात मी ओव्हरसियर होतो आणि काझीसाहेब डेप्युटी इंजिनियर. आमचे निम्मे किस्से एकाच बांधाचे आहेत. भूमकडच्या एका खाजगी खांडसरीचा तो बांध. साखर काढून उरलेलं काळं, घाण पाणी आणि गाळ त्याच्यामागं तुंबवलेला असायचा.

काम आमच्याकडं आलं ते दुष्काळात. तालुक्यातल्या सगळ्या बांधांची सुरक्षितता तपासा, असा वरून हुकूम. आम्ही गावोगाव फिरलो. तलावात क्रिकेट चाललेलं. मी विचारलं, "साहेब, सुरक्षित लिहू?"

साहेब म्हणाले, "लिहा. बॉल लागला तरच धोका."

भरलेला तलाव एकच निघाला, तो खांडसरीचा. आणि त्याच्या पाण्याला बैल तोंड लावत नव्हता.

*

तपासणीत दोन गोष्टी लिहायच्या असत. एक, बांध कसा आहे. दुसरी, फुटला तर खाली काय आहे. हा बांध तसा बरा होता. पण खाली ओढ्याकाठी बौद्ध वस्ती होती, भरल्या घरांची. म्हणून आम्ही लिहिलं, 'अवस्था बरी, धोक्याचा वर्ग अ.'

आठवड्याभरात खांडसरीचे मालक ऑफिसात हजर. त्यांना सगळे बप्पा म्हणत. डोक्याला फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. "साहेब, पयल्याच तपासणीत अ वर्ग. तोंड गोड करा."

काझीसाहेबांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "बप्पा, हा अ अव्वलचा नाही. आफतचा आहे."

बप्पांनी पुडा परत बांधला. माझा पेढा तोवर पोटात गेला होता.

*

बांधावर एक लिंबाचं रोप होतं. कुणा पुढाऱ्याच्या हातून समारंभानं लावलेलं, भोवती काट्यांचं कुंपण. बांधावर झाड नको, मुळं माती फोडतात, असं साहेबांनी सांगितलं. पण पुढाऱ्याच्या हातचं झाड तोडायचं कुणी?

पुढच्या खेपेला गेलो तर कुंपण बाजूला पडलेलं, रोप गायब. साहेबांनी विचारलं, तर बप्पा म्हणाले, "शेळीनं खाल्लं."

"आणि कुंपण?"

"लई हुशार शेळी हाय, साहेब."

*

एकदा औरंगाबादहून वरिष्ठ साहेब आले. तलावाच्या अलीकडं फर्लांगभर जीप थांबवायला लावली आणि नाकाला रुमाल लावून आतच बसून राहिले. त्यांनी विचारलं, "बांध मजबूत आहे ना?"

काझीसाहेब म्हणाले, "सर, वास अडवता आला नाही. पाणी अडतंय."

वरिष्ठांनी मान हलवली आणि जीप वळवायला सांगितलं. इन्स्पेक्शन झालं!

*

अ वर्ग खाली कसा आणायचा, हे बप्पांनी एकदा सरळच विचारलं. साहेब म्हणाले, "दोन रस्ते. तलाव रिकामा करा, नाहीतर खालची वस्ती दुसरीकडं वसवा."

बप्पांना दुसरा रस्ता पटला. आम्हाला घेऊनच वस्तीत गेले. तिथं शांताबाई होत्या. त्या खांडसरीत कामाला जायच्या आणि वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. माळावर जागा देतो, घरं बांधून देतो, असं बप्पा म्हणाले.

शांताबाईंनी ऐकून घेतलं. "बप्पा, आमी आधी आलो. तुमचा तलाव मागनं आला. मागनं आलेल्यानं सरकावं."

परतताना जीपमध्ये बप्पा मागं वळून वस्तीकडं बघत होते. मग म्हणाले, "बाई बोलली बरोबर. पण तलावाला काय पाय हाईत?"

काझीसाहेब बाहेर बघत म्हणाले, "पाण्याला आहेत."

*

आणि मग एक वर्ष पाऊस असा लागला, की थांबेचना. दुपारी निरोप आला आणि आम्ही निघालो. डोंगराकडचं पाणी तलावात शिरून काठोकाठ आलं होतं. वस्तीच्या बाजूला बांध झिरपत होता आणि झिरप्यातून माती येत होती. म्हणजे बांध आतून चालला होता.

उपाय एकच. दुसऱ्या टोकाला बांध फोडून पाणी बप्पांच्या स्वतःच्या उसात सोडायचं. ऊस तोडणीला आलेला. खांडसरीचा कारभार बप्पांच्या धाकट्या भावाकडं, नानाकडं होता. तो गडी घेऊन बांधावर उभा होता.

बप्पा म्हणाले, "नाना, फोड."

नाना म्हणाला, "उघडीप व्हतीय. घटकाभर बघू की."

बप्पांनी पुन्हा सांगितलं नाही. छत्री उघडली आणि बांध उतरून वस्तीकडं चालू लागले. साहेबांनी मला त्यांच्यामागं पाठवलं.

वस्तीतली माणसं शेळ्या, भांडी घेऊन माळाकडं निघाली होती. शांताबाई घरातच होत्या. त्यांच्या सासूला उठवत नव्हतं आणि खाटेसकट उचलायला गडी अजून आले नव्हते. बप्पा आत गेले, म्हातारीच्या खाटेशेजारी पोत्यावर बसले आणि मला म्हणाले, "नानाला सांगा, मी हितं बसलोय."

मी चिखलातून वर गेलो आणि सांगितलं. नानानं एकदा खाली बघितलं. मग शेजारच्या गड्याच्या हातातलं खोरं हिसकून स्वतःच घाव घालायला लागला. मागोमाग सगळे गडी लागले. पाणी उसात वळलं, काळ्या पाण्यानं सऱ्या भरल्या, ऊस आडवा होत गेला. इकडचा झिरपा हळूहळू कमी झाला.

ते सांगायला मी परत खाली गेलो. बप्पा अजून तिथंच बसले होते. मी सगळं सांगितलं. शांताबाईंनी चुलीवरनं चहा उतरवला आणि कप त्यांच्यापुढं धरला.

"साखर वाईच जास्त पडलीय, बप्पा. तुमचीच हाय."

बप्पांनी चहा सावकाश पिऊन संपवला. मग रिकामा कप पुढं केला.

"अजून अर्धा वता."