मधलं नाव नसलेला अर्ज

आमच्या भवानी पेठेतल्या म्युनिसिपालटीच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. सातवीनंतर पोरं दोन मैल चालत हायस्कूलला जायची आणि पोरी घरी बसायच्या. ‘घरी बसली’ म्हणायची पद्धत होती. बसली कसली! मांडीवर सूप घेऊन सकाळपासून पाठ मोडेस्तोवर विड्या वळायची. मी वळसंगची, सातवी पास होऊन लग्न करून इथं आले. पुढचं शिक्षण राहिलं त्याचा राग माझ्या पोटात तेव्हापासून होता. माझी थोरली तेव्हा सहावीत होती, गणितात माझ्यापेक्षा हुशार. तिच्या मांडीवर सूप येऊ द्यायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्षभर झालं असेल. आमचे आमदार पेठेत आले आणि भाषणात म्हणाले, शाळांबद्दलचं विधेयक येत्या अधिवेशनात येणार आहे. मी बायकांच्या घोळक्यातून ओरडले, “मग त्यात आमच्या शाळेची आठवी घाला की!” माणसं हसली. आमदार हसले नाहीत. म्हणाले, “ताई, तोंडी सांगून कायदा होत नाही. पालकांच्या सह्यांचा विनंतीअर्ज द्या, मी सभागृहात मांडतो.”

आम्ही पाच आया कामाला लागलो. दुपारी विड्या कारखान्यात पोचवल्या की घरोघर हिंडायचं. बापांना विचारलं तर उत्तर एकच, “तुमीच बगा की, आमाला मिलची पाळी हाय.” पोरी जशा काय आम्ही माहेराहून आणल्या होत्या.

मजकूर मी लिहिला, यादीही मीच करत होते. बाई स्वतःचं नाव सांगायची, आडनाव सांगायची आणि मधे गप्प. मधे नवऱ्याचं नाव. ते घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या बायका असोत नाहीतर आम्ही मराठी, या एका बाबतीत सगळी पेठ एक. लग्नकार्यात उखाण्यात नाव चालतं, पण आठवीचा वर्ग मागायला उखाणा कोण घालणार? शेजारची विणकरीण मला म्हणाली, “अक्का, ते नाव नको. तुमी तसंच लिवा की, सरकारला कळतंय.” मी तसंच लिहिलं. एकीची सही, दुसरीचा अंगठा, मधलं नाव कुणाचंच नाही. यादीत सगळ्यात वर मी होते आणि माझं मधलं नावही मी लिहिलं नाही. लिहायला कुठं तोंड लागतं? पण हात अडला तो अडलाच.

अर्ज घेऊन आम्ही आमदारांच्या कचेरीत गेलो. तिथल्या सहायकानं एकेक पान उलटून पाहिलं, शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाला, “ठीक आहे.”

थोरली सातवी पास झाली. घरात सासूबाई आणि नवरा दोघांचंही म्हणणं, वयात आलेली पोर दोन मैल पाठवायची नाही. मी वाद घातला नाही. मला वाटलं, अर्ज गेलाय, वर्षभरात आठवी दारात येईल, कशाला घरात कटकट? पोरीला म्हणाले, “थांब जरा, हितंच येतीय शाळा.” ती थांबली, आणि रिकामी कशाला बसायची म्हणून सासूबाईंनी तिच्या पुढ्यात सूप ठेवलं.

अधिवेशन संपलं. विधेयक मंजूर झालं, आठवीचा त्यात शब्द नव्हता. मग मुंबईहून विधानसभेचं पत्र आलं. अर्जदारांची नावे अपूर्ण असल्याने ओळख पटत नाही, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. मी पत्र घेऊन तडक त्या कचेरीत गेले.

“पानं उलटून बगितली न्हवं तुमी? तवा दिसलं न्हाय व्हय?”

सहायक शांतपणे म्हणाला, “दिसलं होतं. आम्हाला वाटलं, तुमच्यात तशीच पद्धत असेल.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पद्धत आमची होती हे खरं होतं, म्हणून तर जास्तच. पण त्याला एक वाक्य बोलायला काय झालं होतं? आमच्या पोरींचं वर्ष गेलं आणि त्या माणसाच्या चहात खंड पडला नाही.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर बायका जमवल्या. सगळ्यांसमोर मी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, मोठ्यानं, तीनदा. एका म्हातारीनं कान झाकले. “बगा, जित्ता हाय अजून, पाळीवर गेलाय,” मी म्हणाले. तरी एकीचंही तोंड उघडेना. शेवटी हेडमास्तरच म्हणाले, “अहो, नावं आमच्या हजेरीपटावर आहेत की.” होतीच. प्रत्येक पोरीच्या नावापुढं तिच्या बापाचं नाव. थोरलीनं हजेरीपट वाचला, मी लिहीत गेले, अर्ध्या तासात यादी पूर्ण झाली. हे पहिल्याच दिवशी मला का सुचलं नाही, याचा राग मला आजही येतो.

दुसरा अर्ज आमदारांनी खरंच मांडला. मंत्री म्हणाले, विचार करू. तो विचार करायला त्यांना दोन वर्षं लागली. मग एका जूनमध्ये शाळेत आठवीचा वर्ग उघडला. आमदारांनी नारळ फोडला, आम्हा पाच जणींना पुढं बसवलं. मी नारळाचा तुकडा हातात घेऊन पळतच घरी आले.

थोरली सोळा वर्षांची झाली होती. उंबऱ्याशी बसून कात्रीनं विडीची पानं कापत होती. “चल, ऊठ. हेडमास्तरांशी बोललीय मी, नाव घालूया.”

“त्या बारक्या पोरींत बसू व्हय मी आता?”

“बस की. काय झालं त्याला? तुझ्यासाठी किती भांडले मी. कचेरीत भांडले, पार मुंबईपर्यंत कागद नेले.”

तिनं कात्री थांबवली नाही. आवाजही चढवला नाही.

“दोन मैल चालत गेले असते की मी, आई. तू घरात कुणाशी भांडलीच न्हाईस.”