मामांनी घरात टांगलेला नाला

माझ्या बायकोच्या मामांइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही. आमच्याकडे पाणी दिसलं की लोकांचे हात आपोआप जोडले जातात; मामांच्या भुवया वर जायच्या. घरी आले की तांब्या हातात घ्यायचे, खिडकीशी जायचे, उजेडात धरायचे, हुंगायचे, एक थेंब जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि मग माझ्या बायकोला विचारायचे, "कुठलं हाय?" नळाचं आहे म्हटलं तर समाधान नाही. "नळात कुठून आलं?" शहागंजातल्या एका हॉटेलात त्यांनी वेटरला एवढ्या प्रेमाने हाच प्रश्न विचारला की त्याने मालकाला बोलावलं, मालकाने आचाऱ्याला बोलावलं, आणि चहा यायच्या आत तिघं मिळून हौदावर जाऊन आले. चहा फुकट मिळाला, पण पुन्हा आम्ही त्या रस्त्याने गेलो की मालक आत जाऊन बसत असे.

मामा मेंढरंवाले. शहराच्या पूर्वेला नवी औद्योगिक वसाहत झाली, तिच्या पलीकडे त्यांचं गाव. वसाहतीतून निघणारा नाला गावाला वळसा घालून जायचा. एका कारखान्याचं शेड उभं राहिलं आणि तेव्हापासून नाल्याला रंग यायला लागले. आज तांबडा, उद्या जांभळा, मध्येच बेलफळाच्या गरासारखा पिवळा. गावाने आधी कौतुक केलं. मामांच्या मेंढ्यांनी मात्र काठावर येऊन पाणी हुंगलं आणि माना फिरवल्या. मामांनी त्याच दिवशी निकाल दिला. "मेंढरू अडाणी आसंल, पण ते खोटं बोलत नाय." मामांची स्वतःची विहीर चढावर होती, तिला धक्का नव्हता. नाल्याच्या काठाला होती ती बौद्ध वस्तीची विहीर, आणि त्या वस्तीत मामांचा लहानपणापासूनचा दोस्त सुदाम गवंडी राहायचा. विहिरीचं पाणी तांबूस झालं तसं मामांनी सगळ्या वस्तीला सांगितलं, "तवर माझ्या हिरीवर या." मामांचे भाऊबंद यावर दोन वर्षं रुसून बसले. मामा म्हणायचे, त्या दोन वर्षांत घरी लई शांतता होती.

पाण्याबद्दल वस्तीचा अर्ज गेल्यावर प्रदूषणाचं काम पाहणाऱ्या ऑफिसातले एक साहेब जीप घेऊन आले. जीप येणार हे कारखान्याला नेहमी आधी कळायचं, त्यामुळे साहेब आले त्या दिवशी नाला असा नितळ होता की साहेबांनी त्यात तोंड पाहून भांग नीट केला. मामा हिरमुसले, पण हटले नाहीत. त्यांच्या काळ्या कळपात पांढऱ्या मेंढ्या दोनच. त्यांची लोकर मामांनी रिठ्याने धुतली, मूठ-मूठभर लडी केल्या आणि रोज मेंढ्या माळावर सोडायच्या आधी रस्त्याच्या मोरीखाली एक लड नाल्यात बुडवायला सुरुवात केली. पाणी वाहून जातं, लोकर धरून ठेवते. मी कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारा मास्तर. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, हे इथे कबूल करतो.

मामांना लिहिता येत नव्हतं. म्हणून वाळलेल्या लडीला चिठ्ठी बांधायची, तिच्यावर वार, तारीख आणि रंग लिहायचा, हे काम सुदामकाकांचं. रंगावरून दोघांची रोज भांडणं. सुदामकाका शिस्तीचे, त्यांना लाल म्हणजे लाल. मामांना तेवढ्यावर भागायचं नाही. "लाल काय लाल? डाळिंबाचं टरफाल आतून आसतंय तसं लिव्ह." "चिठ्ठी केवढी, तुझं डाळिंब केवढं!" असं करत करत घरात आढ्याला दोऱ्या बांधल्या गेल्या आणि त्यावर शेकडो रंगीत लडी लोंबायला लागल्या. नवखा माणूस विचारायचा, लग्न कुणाचं आहे. मामी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "लोकं घरात देवाचे फोटू लावतेत, ह्यांनी नाला टांगलाय."

लोकरीवर भागेना म्हणून मामा बाटल्याही भरायचे आणि एसटीने माझ्या प्रयोगशाळेत आणायचे. एकदा बाटलीचं बूच निघालं आणि जांभळं पाणी शेजारच्या गृहस्थांच्या धोतरावर सांडलं. गृहस्थ कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाले होते. ते ओरडायला लागले. मामा गुडघ्यावर बसून धोतर निरखायला लागले. "पावनं, रंग पक्का बसलाय बघा! एवढा कोपरा कापून देता का? साह्यबाला दाखवतो." कंडक्टरने दोघांनाही उतरवलं. गंमत म्हणजे अर्ध्या तासाने ते पाहुणे मामांबरोबर माझ्या दारात उभे होते, कोपरा कापलेल्या धोतरात, आणि कारखान्याला शिव्या देण्यात मामांच्याही पुढे होते.

लडींचं गाठोडं घेऊन आम्ही ऑफिसात गेलो. साहेबांनी लडी चाळल्या आणि म्हणाले, रंग आहे हे मान्य, पण तो कारखान्याचाच कशावरून? माती असेल, वर कुणी कपडे रंगवत असेल. कारखाना बंद असताना पाणी स्वच्छ राहतं असं दाखवा, मग बघू. कारखाना तीन पाळ्यांत चालायचा. तो दिवाळीलाही बंद नसे.

तो बंद पडला, पण ज्या कारणाने पडला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला होता. खेड्याखेड्यांत वस्त्यांवर हल्ले होत होते, घरं जळत होती, शहरात बंद आणि संचारबंदी. सुदामकाका सत्याग्रहात गेले आणि तुरुंगात बसले. मामांना पारावर कुणी तरी खोचकपणे विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूचे? मामा म्हणाले, "ज्यानं हितं कालिज काढलं त्याचं नाव शाळंला नाय द्यायचं, तर काय त्या कारखान्याला द्यायचं?" आणि उठून त्यांनी आपला मेंढवाडा उचलून वस्तीच्या तोंडाशी नेऊन बसवला. विचारलं तर म्हणायचे, हितं गवत बरं हाय. तिथे गवताची एक काडी नव्हती. पण मेंढवाड्याला मामांची चार कुत्री होती, आणि त्यांना ओलांडून वस्तीत शिरायची कुणाची छाती झाली नाही.

बंद उठल्यावर मी मामांच्या गावी गेलो. मामा वैतागलेले. "जावईबापू, आठ दिवस वाया गेले बघा. रोज लड बुडवली, पण काय सुदिक घावलं नाय. पांढरी ती पांढरीच." मी उडालोच. कारखाना बंद होता ते आठ दिवस! जे साहेबांनी मागितलं होतं तेच! "मामा, कुठं आहेत त्या लडी?" मामांनी आढ्याकडे बोट दाखवलं. तिथे तांबड्या, जांभळ्या, पिवळ्या. "पांढरी लोकर काय फेकून द्यायची व्हय? दोनच तर मेंढ्या. कारखाना चालू झाला तशा त्याच परत बुडवल्या की." सुदामकाका तुरुंगात, म्हणून चिठ्ठ्याही नव्हत्या. आयुष्यात इतका सुंदर पुरावा कुणी इतक्या काटकसरीने रंगवून टाकला नसेल.

मला रडावं की हसावं कळेना. मग मला एक अक्कल सुचली. मी म्हटलं, मामा, आठ नव्या पांढऱ्या लडी घेऊ, मी चिठ्ठ्या लिहितो. त्या दिवसांत लोकर पांढरी होती हे तर खरंच आहे ना? मामांनी पोत्यातली मूठभर पांढरी लोकर काढून हातावर धरली. "खरं हाय. पण ही ती लोकर नव्हं." मग हळूच म्हणाले, "जावईबापू, तुमी कालिजात ह्येच शिकवता?" मी त्यानंतर कित्येक महिने कुठल्याच विद्यार्थ्याच्या वहीवर जोरात लाल रेघ ओढू शकलो नाही.

ऑफिसात जाऊन मामांनी आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. साहेबांशेजारी बसलेला कारखान्याचा माणूस खो खो हसला. साहेब म्हणाले, "आजोबा, आता पुढच्या बंदची वाट बघा." साहेबांनी टोमणा मारला होता, मामांनी तो सरकारी हुकूम मानला. सुदामकाका सुटून आले तेव्हा सगळं ऐकून त्यांनी डोकं धरलं नाही. ते म्हणाले, "मी परत जाणार हाय. नाव मिळस्तवर जाणार. तवा तू लिव्हायला शिक." साठीच्या घरातले मामा कोळसा घेऊन घराच्या भिंतीसमोर बसले. अ आ इ ई ते कधी शिकलेच नाहीत. ते थेट लाल, पिवळी, जांभळी शिकले. सगळ्यात जास्त वेळ गिरवलं ते पांढरी. अक्षर वाकडं आलं की सुदामकाका पुसून टाकायचे आणि मामा गुरगुरायचे, "तू गवंडी हायस, वळंबा लावून अक्षर बघतुस." मी तिथे असलो की मलाही दोघांकडून ऐकून घ्यावं लागे, कारण माझं अक्षर त्यांच्या दोघांच्या पसंतीला उतरत नसे.

पुढचा मोठा बंद यायला वर्षं गेली. सुदामकाका पुन्हा मोर्चात गेले. या वेळी मामांनी एकही लड परत बुडवली नाही. बंदच्या आधीच्या तांबड्या, बंदमधल्या पांढऱ्या, कारखाना सुरू झाल्या दिवसाची जांभळी. सगळ्यांना चिठ्ठ्या, सगळ्यांवर मामांचं अक्षर. साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी लडी टेबलावर ओळीने मांडल्या, एकेक चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मामा उभे राहिले. "म्या." कारखान्याचा माणूस त्या दिवशी हसला नाही. नोटीस निघाली, कारखान्यातून नाल्यात सुटणारी नळी बंद झाली, सांडपाणी गाळायची टाकी आली. वस्तीच्या विहिरीला निवळायला दोन पावसाळे लागले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पहिला पोहरा सुदामकाकांनी काढला आणि पहिली ओंजळ मामा प्याले. मग म्हणाले, "बरं हाय." एवढी स्तुती त्यांनी गंगेची सुद्धा केली नसती.

नामांतर झालं तेव्हा सुदामकाका नव्हते. त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात गेले होते. बातमी आली तशी मामा पांढरा पटका बांधून माझ्या दारात आले. म्हणाले, विद्यापीठाच्या गेटावर घेऊन चला. तिथे ही गर्दी, गुलाल, ढोल, माणसं एकमेकांना मिठ्या मारून रडत होती. मामा गर्दीच्या कडेला उभे राहिले आणि नव्या नावाच्या पाटीकडे तोंड करून ओठ हलवायला लागले. नाव मोठं होतं, मामांना वेळ लागत होता. पहाऱ्यावरच्या माणसाने विचारलं, आजोबा, आत जायचंय का?

"नाय," मामा म्हणाले, "वाचायचंय."

वाचून झालं. मला वाटलं आता निघू. पण मामांनी पटक्याच्या टोकाने डोळे पुसले आणि लांबूनच पुन्हा पहिल्या अक्षराकडे बोट रोखलं. "माझं झालं," म्हणाले, "आता सुदामाचं वाचतो." गुलाल उडत होता, आणि मामा एकेक अक्षर पुन्हा वाचत होते.