आधी आवार, मग चर्च

बावतीस गेल्याचा त्याच्या बायकोचा, रोझीचा फोन आला तेव्हा मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये जागा शोधत होतो. जागा मिळाली, तरी मी चकरा मारतच राहिलो... महिना उलटून गेला, अजून मला एका जागी बसवत नाही.

तो वसईचा, मी पुण्याचा. इथे सिडनीत, पॅरामॅटाच्या एकाच ऑफिसात आम्ही पुलांची गणितं केली. मध्यंतरी तो वेल्सला लेकीकडे गेला आणि तिथल्या खेड्यातल्या एका मध्ययुगीन चर्चने त्याला झपाटलं. एवढंसं चर्च. मनोरा नाही, छपरावर घंटेपुरती कमान. जाडजूड दगडी भिंती, त्यांवर चुन्याचा हात, चिमुकल्या खिडक्या. आणि वेदीकडचा भाग दालनाच्या रेषेत नाही, किंचित वाकडा. क्रुसावर ख्रिस्ताची मान कलली होती म्हणून, असं गावकरी सांगत. आमच्या भाविक बावतीसला ते पटेना. दोन शतकांतले दोन गवंडी, दुसऱ्याची दोरी चुकली, असं तो ट्रेनमध्ये मला पटवत राही आणि मी डुलकी काढायला बघे.

त्याला खरं छळलं ते ‘ळान’ या शब्दाने. तिथल्या कितीतरी गावांच्या नावांत तो असतो. हा ळ नव्हे, जिभेच्या कडेने हवा सोडायची, असं लेकीने शंभरदा सांगितलं. हा म्हणे, आपला ळ असताना हवा कशाला? अर्थ चर्च, पण मुळात, कुंपण घातलेली जागा. लोकांनी आधी गोल आवार आखलं, आपली माणसं तिथे पुरली, चर्च मागाहून आलं.

“मेट, आपलं आवार कुठंय रे?” त्याने एकदा विचारलं. मी हसण्यावारी नेलं. रिटायर होऊन वसईला परतायचं हे नवरा-बायकोचं ठरलेलं, पण ते दरवर्षी पुढे ढकललं जाई. आजारपणात रोझीने विचारलं, तुला कुठे ठेवायचं? तर हा त्या वाकड्या भिंतीवर घसरला.

शेवटी तिनेच ठरवलं. इथेच, सिडनीत. आईबाबांच्या शेजारी जागा आहे म्हणून वसईहून बावतीसच्या भावांचे फोनवर फोन येत होते. मलाही तिचा राग आला. आमच्यात अस्थी तरी विमानाने नेता येतात...

गेल्या रविवारी ती पेंडल हिलला भाजी घेताना भेटली. वसईला कधी निघतेस, मी विचारलं. ती मेथीची जुडी निवडत राहिली.

“इतकी वर्षं मी इथे नुसती राहत होते, अनिल. आता माझं माणूस इथल्या मातीत आहे. कशी जाऊ?”