वायरचं दुसरं टोक

"टोक खिडकीतून आत दे. तू तिथंच थांब," मॅनेजरसाहेब म्हणाले.

धाराशिवच्या आमच्या सहकारी दूध संघात पहिला कॉम्प्युटर आला होता. दुष्काळाचं साल. कॉम्प्युटरच्या खोलीला तोरण, दाराबाहेर चपलांची रांग. दूध घ्यायच्या धक्क्यापासून त्या खोलीपर्यंत चर मी खणून घेतला, मापाचे आकडे कॉम्प्युटरवर नेणारी वायर मी ओढली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला तिथं मी एकटाच. पण मी बेंबळीच्या बौद्धवाड्यातला. वायर आत गेली, मी पक्कड धरून खिडकीबाहेर. शिपायानं पेढा दिला, तोही गजातून, वरून हातावर टाकून. मी खाल्ला. त्याची लाज आजही वाटते.

महिन्याभरात पडद्यावर भलतंच उमटायला लागलं. लिटरच्या आकड्यांच्या जागी फुल्या, चौकोन. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पूजा झालेल्या मशीनला हात कुणाचा लागला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मग साहेबांनी तुळजापूरहून आणलेलं तीर्थ की-बोर्डवर शिंपडलं. दोन बटणं कायमची बसली. तीही माझ्याच माथी मारली.

"सोमवारपर्यंत बघतो. न्हायतर घरी बस."

मी कच्च्या नोकरीवर होतो. आमच्या घरातली ती पहिली नोकरी. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू?

वडिलांचा ट्रान्झिस्टर आणला. आसपास विजेचा त्रास असला की रेडिओ खरखरतो, हे माहीत होतं. तो कानाला लावून चरावरून फिरलो. लोक हसले. "काम सोडून गाणी ऐकतोय बघा!" निम्म्या वाटेवर रेडिओ एकदम गुरगुरला. थोड्या वेळानं गप्प. पुन्हा गुरगुरला. मी वेळा वहीत लिहीत गेलो. दुष्काळात नव्यानं घेतलेल्या बोअरचा पंप चालू-बंद होण्याशी त्या जुळल्या.

पंपावर बापू होते, वयानं मोठे. त्यांना विचारलं.

"पंपाची केबल तुझ्याच चरात हाय की. साहेबच म्हणले, दुसरा चर कशाला? तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

मला कोण सांगणार? पंप सुरू झाला की त्या जाड केबलचा त्रास शेजारच्या माझ्या बारीक वायरीत शिरत होता, आकडे बिघडत होते. दोष माझ्या हातात नव्हताच. हे कळल्यावर मला बरं वाटलं नाही, संताप आला.

सोमवारी म्हणालो, "साहेब, तुम्ही पडद्यासमोर बसा." खिडकीबाहेरूनच बापूंना हाक दिली. पंप चालू, पडद्यावर फुल्या. पंप बंद, सरळ आकडे. तीनदा दाखवलं. साहेब एवढंच म्हणाले, "वायर दुसरीकडून घे."

चार दिवसांत पंपाच्या केबलपासून लांब, नवा चर झाला. वायर ओढत खिडकीपाशी आलो.

"हं, टोक दे आत."

मी टोक हातातच ठेवलं.

"आत येऊन मी जोडीन. न्हायतर ऱ्हाऊ द्या तसंच."

"लई शहाणा झालास व्हय?"

"व्हय, साहेब."

सगळ्यांसारख्या चपला बाहेर काढल्या. आत गेलो. खुर्ची ओढून बसलो आणि जोडलं. पंप चालू करायला लावला. आकडे सरळ राहिले. कुणी शाबास म्हटलं नाही. दोन महिन्यांनी मला कामावरून काढलं, कारण लिहून दिलं नाही.

नोकरी गेल्याचं दुःख झालं, लई झालं. आईला सांगताना रडलो. पण तेव्हापासून वरून टाकलेलं काही मी हातात झेलत नाही. आणि ज्या खोलीचं दार मला बंद, तिच्यासाठी चर खणत नाही.