रोवळी समजून

गणपतीआधी मोदकांचे तांदूळ धुणं हे आमच्या घरात माझं काम. धुवायचे, रोवळीत निथळायचे, पंच्यावर सावलीत वाळवायचे. त्यामुळे त्या वर्षी जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर टाकायला जागा नव्हती. तरी मी टाकला. तेच सांगायचं आहे.

माझी भाची अमेरिकेहून आली होती. ती मेन नावाच्या राज्यात राहते, पार पूर्वेच्या टोकाला. तिथल्या मूळ लोकांना वाबानाकी म्हणतात, म्हणजे पहाटेच्या देशातले लोक. त्यांच्यातल्या एका म्हातारीकडे ती दोन वर्षं टोपल्या विणायला शिकली, आणि इकडे येताना म्हातारीने आपल्या हातची एक टोपली तिला दिली. रोह्याला तिच्या आईच्या घरी भिंती रंगवायचं काम चालू होतं, म्हणून चार दिवस टोपली आमच्याकडे पेणला राहिली.

"मामा, हिला जप हं," भाची म्हणाली. "अ‍ॅश नावाच्या झाडाचा ओंडका कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकत बसावं लागतं. मग झाडाची एकेका वर्षाची वाढ पट्टीसारखी सुटून येते. त्या पट्ट्यांची आहे ही. आणि काठाला वेणी आहे ना, ते गोड वासाचं गवत."

मी "हो हो" म्हणालो. धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते. ही सबब नाही, नुसतं सांगतो.

दोन दिवसांनी तांदूळ धुवायला घेतले. फळीवर रोवळी दिसली, ती घेतली. गोल, घट्ट विणीची, मधूनमधून जांभळ्या पट्ट्या. बायकोने नवीन आणली असेल, असं वाटलं. पाणी सुरेख निथळलं. तांदूळ पसरले तर ते जांभळे, आणि स्वयंपाकघरात वाळल्या गवताचा गोड वास. त्या वासाबरोबर मला भाचीचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं.

टोपली फुगून एका अंगाला कलली होती. मी ती कपाटामागे सरकवली.

"अहो, तांदळाला काय झालं हे?" बायकोने विचारलं.

"गणपतीचा रंग लागला असेल. एकाच रिक्षातून आणले ना दोन्ही."

मूर्ती आम्ही आदल्याच दिवशी हमरापूरच्या एका मूर्तिकाराकडून आणली होती. हे वाक्य मला इतकं सहज सुचलं, याची आजही लाज वाटते. कंपनीत साध्या रजेच्या अर्जाला मला अर्धा तास लागतो.

बायकोने ते शेजारी सांगितलं. "काय गो, ओल्या रंगाच्या मूर्ती देतो की काय तो?" असं करत ते तीन घरं फिरलं. त्यातल्या दोन घरांनी त्याच मूर्तिकाराकडे गणपती सांगितला होता. संध्याकाळी दोघींनी नको म्हणून कळवलं. मी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्तिकार मोटारसायकलवरून थेट आमच्या दारात. भाचीही तासाभरापूर्वीच रोह्याहून आली होती आणि टोपली शोधत होती. मीही तिच्याबरोबर शोधत होतो.

"वैनी," मूर्तिकार म्हणाला, "मूर्तीवर जांभळं कुठं हाय तेवढं दाखवा."

पितांबर पिवळा, शेला गुलाबी, उंदीर करडा. बायको मूर्तीभोवती दोनदा फिरली. तेवढ्यात मी त्याच्यापुढे चहा धरला. त्याने कप घेतला नाही.

"दादा, बोटं दाखवा जरा."

मी दाखवली. त्याने शेजारी आपली धरली.

"माझ्या नखात गुलाबी नि पिवळा. तुमच्या नखात जांभळा. यंदा जांभळा मी आणलाच नाय."

मी कपाटामागून टोपली काढली. "रोवळी समजलो," म्हणालो.

"आपली रोवळी खिळ्याला असते," बायको म्हणाली. "पंचवीस वर्षं तिथंच आहे."

भाचीने टोपली मांडीवर घेतली. मूर्तिकाराने ती तिच्याकडून मागून घेतली आणि काठावरून अंगठा फिरवला.

"बांबू नाय हा. वीण सुटलेली नाय कुठं. विणताना आत साचा असतो का हिच्या?"

"असतो. लाकडाचा ठोकळा."

"मग झालं तर. ओली हाय तवर बसंल." त्याने आमचे डबे एकेक करून आत घालून पाहिले. रव्याचा बसला. बाहेरून फडकं गुंडाळून त्याने सुतळीने आवळलं. "दोन दिवस हात लावू नका," असं माझ्याकडे बघून म्हणाला.

नंतर मी त्या तिन्ही घरी गेलो, नखं दाखवत. तो बरोबर आला. साक्षीला नव्हे, म्हणाला, बघायला. तिसऱ्या घरात मला सगळं दोनदा सांगावं लागलं, कारण आतून सूनबाईला बोलावलं गेलं. दोन्ही गणपती त्याच्याचकडे राहिले.

टोपली सरळ झाली, पट्ट्या मात्र फिकट आहेत. जाताना भाचीने बुरूडआळीतून एक रोवळी म्हातारीसाठी नेली. पुढे त्या रोवळीचा फोटो आला: म्हातारीने ती खिडकीशी, काचेच्या कपाटात ठेवली आहे आणि कुणाला हात लावू देत नाही, पाण्याजवळ तर नाहीच.

रोवळी कशासाठी असते ते म्हातारीला कळवायला हवं. भाची म्हणते, मामा, ते तूच कळव.